गव्हाचे वावडे असलेले मूल आणि शाळा

वर्गातील एखादे मूल दिवसातून दोन-तीन वेळा परसाकडे जाण्याची परवानगी मागते, मधल्या सुटीनंतर पोट धरून बसते आणि उंची-वजनात समवयस्कांच्या मागे राहते. अशा मुलाविषयी शिक्षकाचे मत बहुधा दोहोंपैकी एक बनते: एक तर ते अभ्यास टाळते, नाही तर त्याच्या पोटात जंत आहेत. जंतांची शक्यता मोठी आहेच, आणि शाळेतून मिळणाऱ्या जंतनाशक गोळीने पुष्कळांना गुणही येतो. परंतु त्यानंतरही तक्रार महिनोन्‌महिने टिकली, लोहाच्या साप्ताहिक गोळ्या घेऊनही चेहऱ्याचा फिकटपणा हटला नाही, तर आणखी एका कारणाचा विचार व्हावयास हवा. ते कारण म्हणजे गव्हाचे वावडे. त्याच्या एका गंभीर प्रकारास वैद्यकात सीलियाक रोग म्हणतात.

कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लूटेन या प्रथिनामुळे. गव्हाप्रमाणे जवातही त्याच जातीची प्रथिने असतात. काही व्यक्तींच्या शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणा या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेणे हे त्यांचे कार्य. ते झिजून सपाट झाले म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही. मग ढाळ, पोटफुगी, दुर्गंधीयुक्त मळ, तोंड येणे हे सुरू होते. कित्येकांना उलट मलावरोध होतो, आणि काहींची पोटाची तक्रार नसतेच. केवळ वाढ खुंटते.

या रोगाचे वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली केले. तो बरा व्हावयाचा तर आहारानेच, हेही त्यांनी ओळखले होते. परंतु अपराधी पदार्थ कोणता, हे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखविले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तेथे पाव दुर्मिळ झाला असता ही मुले सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० साली सिद्ध झाला.

तळोज्यासारख्या गावी हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. पनवेल तालुक्याचा हा भाग मूळचा भाताचा. आगरी घरातील तांदळाची भाकरी, घावन, उकडीचे मोदक, यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. भारतातील प्रौढांच्या एका पाहणीत (२०१६) या रोगाशी निगडित प्रतिपिंडे उत्तरेत शेकडा १.२३, तर दक्षिणेत शेकडा ०.१० व्यक्तींत आढळली. रोगाला अनुकूल आनुवंशिकता दोन्हीकडे सुमारे सारखीच होती. फरक होता तो मुख्यतः गव्हाच्या सेवनात. आता तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे गहू खाणाऱ्या प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत, आणि जुन्या भातखाऊ घरांतही सकाळी चहाबरोबर पाव, खारी, बिस्किटे आली आहेत. शिक्षकाने या रोगाची नोंद घ्यावी ती यासाठी.

मात्र संशय आला म्हणून पालकांना 'उद्यापासून चपाती बंद करा' असे सांगू नये. ही चूक सद्‌हेतूने होते, पण फार नडते. गहू थांबविल्यावर रक्तातील प्रतिपिंडे ओसरतात, आतडे भरून येऊ लागते, आणि मग तपासणीत रोग सापडत नाही. आधी डॉक्टर, मग पथ्य, हाच क्रम पाळावा. शाळेत आरोग्य तपासणीस येणाऱ्या पथकाला मुलाची वजन-उंचीची जुनी नोंद दाखवावी. तोंडी सांगण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक.

निदान झाल्यावर पथ्य जन्मभराचे असते. रोग मुळातून घालविणारे औषध आजमितीस नाही. येथे शाळेच्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ असतो, तेव्हा खिचडी निर्धोक वाटते. पण फोडणीतील हिंग? बाजारच्या हिंगपुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पाकिटावरील घटक वाचावे, अन्यथा त्या दिवशी हिंग वगळावा. गिरणीचेही तसेच. गव्हामागून त्याच जात्यावर दळलेले तांदळाचे पीठ या मुलास चालत नाही. घरी मिक्सरवर थोडे थोडे दळणे बरे. ज्वारी, बाजरी, नाचणी चालते, तीही अशीच जपून दळलेली.

परसाकडे जाण्याची परवानगी अशा मुलास खुणेने मिळावी; चार मुलांसमोर कारण सांगावे लागले की ते पाणी पिणे आणि पुढे शाळेत येणेच टाळते. डब्यातील घास वाटून खाण्याची चांगली सवय येथे आड येते. वर्गास एकदाच साधेपणाने सांगावे की या मुलाला गहू बाधतो, आणि ते संसर्गाने होत नाही. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. १५ ऑगस्टला जिलेबी वाटावयाची असेल तर ती मैद्याची असते. त्याऐवजी सर्वांनाच शेंगदाण्याची चिक्की द्यावी, म्हणजे एकट्याला वेगळी पुडी द्यावी लागत नाही.