अडकलेला ब्रेक ड्रम : बळ कोठे लावावे?

भिवंडीत धामणकर नाक्याजवळील आमच्या दारात आमची जुनी मोटार सारा पावसाळा उभी होती. आश्विनात ती बाहेर काढली, तेव्हा मागच्या ब्रेकमधून खरखर ऐकू येऊ लागली. चाक उतरवले, परंतु त्यामागील ड्रम काही केल्या निघेना. आमच्यापैकी एकाने मोठा हातोडा उचलला. तेवढ्यात यंत्रमागावर जॉबर म्हणून आयुष्य घालवलेले शेजारचे काका म्हणाले, "आधी त्याला कोणी धरून ठेवलंय, ते बघा." त्या वाक्यातून मिळालेला पाठ येथे मांडत आहोत.

ड्रमला तीन गोष्टी धरून ठेवू शकतात. पहिली, ओढलेला हँडब्रेक. दुसरी, झिजेमुळे ड्रमच्या आतल्या कडेला उरलेला कंगोरा. ब्रेक शू त्याच्यामागे अडकतात. तिसरी, हबवरील गंज. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की गंज होतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे सहज बसणारे दोन भाग पाचर मारल्यासारखे घट्ट होतात.

हातोडा येथे घातक का? ड्रम बिडाचा असतो. बीड दाब सोसते, पण ठिसूळ असते. कडेवर जोराचा घाव बसल्यास त्याला तडा जातो. तडा गेलेल्या ड्रमवर घरातल्या माणसांचे प्राण सोपवता येत नाहीत.

आम्ही नव्याने आरंभ केला. गाडी सपाट जागी होतीच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले आणि जॅकवर विसंबून न राहता गाडीखाली भक्कम स्टँड ठेवला. मगच हँडब्रेक सोडला. मागच्या पत्र्यातील भोकातून दातेरी चाक फिरवून शू आत घेतले. ड्रम आणि हबच्या सांध्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे मोजके थेंब सोडले. शूवर तेल गेल्यास ब्रेक लागत नाही, म्हणून हात आखडता ठेवला. तेल सूक्ष्म फटींत झिरपावे यासाठी तासभर थांबलो.

आमच्या ड्रमवर आटे पाडलेली दोन भोके होती. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळले. अशा बोल्टच्या एका फेऱ्यात तो १.२५ मिलिमीटर पुढे सरकतो, तर १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याचे टोक सुमारे ९४ सेंटिमीटर फिरते. घर्षणात बरेचसे बळ खर्च झाले, तरी हाताचा साधा जोर कित्येक पटींनी वाढतो. चौथ्या खेपेस 'टक्' असा आवाज झाला आणि ड्रम हाती आला.

आतील धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढून तेथे ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. जोडणीनंतर ब्रेकची परीक्षा मोकळ्या जागी, मंद गतीने घ्यावी. काही गाड्यांत ड्रम बेअरिंगसह मधल्या नटाने धरलेला असतो; तेथे ही रीत चालत नाही, जाणकारालाच बोलवावे.

आमची शक्ती सकाळी होती तेवढीच सायंकाळी होती. ती कोठे लावावी, एवढेच मधल्या वेळात समजले.