गळ्यात नको, अंगावर घ्या

हिवाळ्यात धरणाच्या काठानं बदकं मोजत फिरायचं तर माणसाला दोन हात कमीच पडतात. एका हातात काठी हवी, कारण पुढचा चिखल किती खोल आहे ते काठीच सांगते. दुसऱ्या हातात वही-पेन्सिल. दुर्बीण डोळ्याला लावायची तर तिलाच दोन्ही हात लागतात, आणि कॅमेरा असला तर त्याचे लाड वेगळेच. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, आपल्या देशात ती १९८७ पासून चालू आहे. या दिवसांत नवीन पोरंपोरी मोठ्या हौसेनं येतात. दुर्बीण कुठली घ्यावी, लेन्स कितीची घ्यावी, यात त्यांचा अभ्यास माझ्याहून जास्त असतो. हे सगळं सामान अंगावर वागवायचं कसं, ते मात्र कुणी विचारत नाही. आणि पाणथळीवर माणूस आपटतो तो बहुतेक वेळा त्यापायीच.

प्रश्न जुनाच आहे. माझ्या आईच्या मामांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती आणि थंडीत ते बदकांवर जात. मला ती हाताळायला मिळाली नाही, त्याचं दुःखही नाही. पण पाण्यात बंदूक कशी न्यायची ते मामाआजोबा रंगवून सांगत. बंदुकीला चामड्याचा पट्टा असे. चिखलात पाय घालण्याआधी ती मधून मोडायची, काडतुसं काढून खिशात टाकायची आणि मगच पट्टा खांद्यावर चढवायचा. घसरून नळीच्या तोंडात चिखल बसला आणि तसाच बार काढला तर नळीच फाटते, हे त्यांच्या पिढीला पाठ होतं. रिकामी बंदूक अंगाला, दोन्ही हात स्वतःच्या तोलाला. पुढं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवान्याची उरलीसुरली वाट १९९१ च्या दुरुस्तीनं बंद केली, ते फार बरं झालं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारीचे आकडे दगडावर कोरलेले आहेत. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले होते. आमच्या गणनेत एखाद्या तलावावर एवढा आकडा भरला तर आम्ही पेढे वाटू!

बंदूक गेली तरी तिचा धाक काठावर अजून आहे. तिपाईवर मोठी दुर्बीण तशीच ठेवून, पाय मिटून, सगळं खांद्यावर टाकून चालायची पुष्कळांना सवय असते. दिसायला रुबाबदार, पण लांबून ती हुबेहूब बंदूक दिसते. खडकपूर्णा धरणाच्या फुगवट्याजवळ आमचा एक जण असाच चालला होता, तर पलीकडून मेंढ्या राखणाऱ्या बाबांनी हाळी दिली : “ओ भाऊ, बंदूक घेऊन कुठी चालले? पाखरं मारासाठी आले काय?” बाबांचं काही चुकलं नाही. अशी डोळ्यांत तेल घालून बसलेली माणसं प्रत्येक तळ्यावर असावीत. बाबांची समजूत घालता येते, पण चक्रवाकाची कशी घालणार? ही भगव्या रंगाची बदकं मुळातच सावध. त्यांनी मान वर करून आवाज दिला की थापटे, तलवार बदकं, सगळं पाणीच उठतं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिपाई नेहमी पाठीला लागून उभी बांधा. तिचं डोकं आपल्या खांद्याच्या वर येता कामा नये. दुर्बीण काढून पिशवीत ठेवा. बसायच्या जागी पोचल्यावर जोडायला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

खडकपूर्णा धरणाला संत चोखासागर म्हणतात. धरण देऊळगाव राजा तालुक्यात, आणि चोखोबांचं मेहुणाराजाही याच तालुक्यातलं. पावसाळा सरून पाणी ओसरू लागलं की काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. आमच्याकडची काळी माती सोपी नाही. वर पापुद्रा वाळतो, भेगा पडतात, पाहणाऱ्याला वाटतं जमीन घट्ट झाली. आत मात्र सगळं लोण्यासारखं.

आमच्या गटातले एक निवृत्त गुरुजी अशाच पट्ट्यावरून चालत होते. गळ्यात दुर्बीण, त्याच गळ्यात दुसऱ्या पट्ट्यानं लांब लेन्सचा कॅमेरा. समोर शेकाटे चरत होते आणि गुरुजींचं सगळं लक्ष तिकडं. एक पाय खचला, तो काढायला दुसऱ्यावर भार दिला, तोही गुडघ्यापर्यंत गेला. ते पुढं झुकले, तसे दोन्ही जिन्नस गळ्यातून लोंबकळून झोके घेऊ लागले आणि पट्ट्यांना एकमेकांचा पीळ बसला. कॅमेरा गाळाला टेकणार म्हणून गुरुजींनी दोन्ही हातांनी तो वर धरला. आता पाय कोण सोडवणार? आम्ही ओरडतोय, “गुरुजी, सोडा तो कॅमेरा!” पण सोडायचा ठरवला तरी तो गळ्यातून निघेना. पीळ उलगडायला हात मोकळा नाही आणि पट्ट्याला कुठं कळ नाही. शेवटी एकानं पालथं पडून काठी पुढं केली, दुसऱ्यानं चाकूनं पट्टा कापला. मग गुरुजी मागं रेलून बसले, एकेक पाय हलवत हलवत टाच सैल केली आणि बाहेर आले. एक बूट आतच राहिला. कॅमेरा वाचला. मान मात्र पुढं कितीतरी दिवस आखडलेली होती.

त्यानंतर आमच्या गटात एकच गोष्ट कडक पाळली जाते : गळ्यात काही लटकवायचं नाही, आणि अंगावर जे असेल ते एका हातानं, न पाहता, सोडता आलं पाहिजे.

दुर्बिणीसाठी दोन्ही खांद्यांवरून जाणारा आणि पाठीवर फुलीसारखा जुळणारा पट्टा उत्तम. ८×४२ ची दुर्बीण साधारण पाऊण किलोची. गळ्यात ती तासाभरातच शिळा होते. दोन खांद्यांवर वाटली की दिवसभर जाणवत नाही, छातीला चिकटून राहते आणि वाकलं तरी झोका घेत नाही. असे पट्टे बाजारात तयार मिळतात, पण घरीही होतात. शाळेच्या जुन्या दप्तराचे पट्टे आणि दाबून उघडणारी प्लास्टिकची बकलं घ्यायची आणि बॅगा शिवणाऱ्याकडून दुहेरी टीप मारून घ्यायची. बकल पाठीवर नको, छातीवर पाहिजे. विकतच्या काही पट्ट्यांना बकलच नसतं, ते डोक्यावरून काढावे लागतात. गाळात रुतलेल्या माणसाला टोपीसुद्धा डोक्यावरून काढणं जड जातं. पट्टा विकत घेताना दुकानातच डोळे मिटून उघडून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. मोठी लेन्स लावलेला कॅमेरा अडीच-तीन किलोंच्या घरात जातो, आणि त्यातला जास्त भार लेन्सचा. पट्टा कॅमेऱ्याच्या कड्यांना अडकवला की तो सगळा भार जोडावर येतो. लेन्सला तिपाईसाठी जो पाय दिलेला असतो, पट्टा त्याला लावा. एका खांद्यावरून तिरपा घ्या, म्हणजे कॅमेरा कुल्ल्याशी, उलटा लटकतो. इथं एक मेख आहे. हा पट्टा लेन्सच्या पायाला एका स्क्रूनं बसतो. चालताना कॅमेरा हेलकावे खातो आणि स्क्रू हळूहळू फिरून सैल होतो. येळगाव धरणाच्या भिंतीवर, दगडी पिचिंगवरून उतरताना एका मैत्रिणीचा कॅमेरा असाच निसटला. वाचला, कारण तिनं नायलॉनची एक बारीक, मजबूत दोरी कॅमेऱ्याच्या कड्यातून पट्ट्याला वेगळी बांधून ठेवली होती. ती दोरी दहा-वीस रुपयांची, कॅमेरा लाखाचा. म्हणून दोरी बांधाच, आणि गाडीतून उतरल्यावर, चहानंतर, पुन्हा चालायला लागण्याआधी स्क्रू बोटांनी पिळून पाहा.

तिरप्या पट्ट्याला आणि छातीवरच्या पट्ट्याला एकमेकांची अडचण होऊ नये म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी दुर्बीण, तिच्यावर कॅमेरा. उतरवताना उलटं. पाठीची पिशवी असेल तर तिचा कमरपट्टा चिखलात उघडा ठेवा. डोंगरात तो आवळायचा असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण पाण्याजवळ पिशवी सोडून देता आली पाहिजे. काठापाशी ज्यांना खरंच खोल जायचंय त्यांनी कॅमेरा कोरड्या बांधावर माणसाच्या ताब्यात ठेवून फक्त दुर्बीण न्यावी, असं माझं मत आहे. फोटोवाल्यांना ते पटत नाही.

तिपाईऐवजी बसून लेन्स टेकवायला धान्याची उशी पुष्कळ जण वापरतात. ज्वारी भरू नका. ती भिजली की फुगते आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. पिशवी रिकामीच न्यावी आणि तिथली कोरडी माती भरावी. येताना झटकली की पाठीवर ओझंही नाही.

बारक्या वस्तू माणसाला जास्त वाकवतात. मोबाइल वरच्या खिशात ठेवून वाकलात की तो पाण्यात गेलाच, त्याला मनगटाचा दोरा पाहिजे. पेन्सिल वहीला बांधलेली. वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा दहा-दहाच्या गठ्ठ्यानं मोजताना कळ दाबायचा हातमोजक लागतो, तो अंगठीसारखा बोटात बसणारा घ्यावा, म्हणजे काठी सोडावी लागत नाही.

लोणार सरोवराचं गणित आणखी निराळं. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर स्थळ झालं, त्याआधी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं म्हणून जगभर गाजलं. त्यामुळं आता नवखेही तिथं खूप येतात. अभयारण्य असल्यानं वनखात्याची परवानगी आणि ओळखपत्र खिशात असू द्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात उतरताना खडक आणि काटेरी झुडपं धरत जावं लागतं, तिथं लोंबणारी प्रत्येक वस्तू फांदीत अडकते. पट्टे नेहमीपेक्षा एक घर आवळून घ्या आणि मोकळी टोकं रबरानं गुंडाळा. खालचं पाणी कडक अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. ते पट्ट्यावर उडून वाळलं की पांढरट थर बसतो. तो तसाच राहिला तर बकल कुरकुरायला लागतं आणि ऐन वेळी अडकतं. घरी आल्यावर पट्टे बादलीभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, बकल पाण्यातच दहा-बारा वेळा उघडमीट करा, सावलीत वाळवा. वाळल्यावर टिपा नखानं ओढून पाहा. एखादा धागा जरी उसवलेला दिसला तरी पट्टा शिवायला टाका आणि तोवर दुसऱ्याचा मागून न्या.