आईचे नाव आणि पित्याचा वंश

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाची शासकीय दस्तऐवजांतील नोंद बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने व्हावी, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले. वाचकहो, यावर एक शंका वारंवार विचारली जाते. मुलांना त्यांच्या पित्यांच्या नावाने संबोधावे, असा सूरह अल-अहजाबमध्ये आदेश असताना आईचे नाव मध्ये कसे चालेल?

आपल्या भूमीला ही रीत नवी नाही. पैठण ही ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांच्या काळातील वस्ती आपल्या जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे उत्खननात सापडली आहे. त्यांचे राजे नाण्यांवर आईच्या नावाने मिरवत: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी त्याच्या आजीने नाशिकच्या लेण्यांत लेख कोरविला. तिचे स्वतःचे नाव बलश्री; ‘गौतमी’ हे माहेरच्या गोत्रावरून आलेले. (याच लेखात तिच्या पुत्राला ‘राजराज’ म्हटले आहे. ‘राजांचा राजा’ ही उपाधी मात्र हदीसमध्ये अल्लाहला अत्यंत अप्रिय सांगितली आहे.) राण्या अनेक, त्यात सातकर्णी, पुळुमावी ही नावे घराण्यात पुनःपुन्हा येत, मातेच्या गोत्रामुळे नेमका राजा ओळखता येई. गादी मात्र पित्याच्या वंशातच राही.

अरबस्तानातही असेच घडले. हजरत अली (रजि.) यांचे पुत्र मुहम्मद हे ‘इब्न अल-हनफिय्या’ म्हणून ओळखले जातात, कारण त्यांची माता बनू हनीफा कबिल्यातील होती. हजरत फातिमा (रजि.) यांच्या पुत्रांहून त्यांची ओळख वेगळी राहावी, हा त्यामागील हेतू. प्रेषितांचे (स.) मुअज्जिन इब्न उम्मे मक्तूम (रजि.) तर मातेच्याच नावाने प्रसिद्ध आहेत. यामुळे कोणाचा वंश बदलला नाही.

त्या आयतीचा रोख दत्तक पुत्राला खोटे पितृत्व देण्यावर आहे. ‘जैद बिन मुहम्मद’ म्हटले जाणारे हजरत जैद (रजि.) त्यानंतर पुन्हा ‘जैद बिन हारिसा’ झाले. शासकीय क्रमात पित्याचे नाव कायमच आहे. म्हणून आईच्या नावास हरकत नाही.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यावी. अनाथ पुतण्याला वा भाच्याला वाढविणारे काका-मामा अर्ज भरताना प्रेमापोटी पित्याच्या रकान्यात स्वतःचे नाव घालतात. तेथे जन्मदात्याचेच नाव हवे. आपले पालक म्हणून लिहावे. आणि पिता ज्ञातच नसेल, तर ते मूल आपले धर्मबंधू आहे, हेही त्याच आयतीत आले आहे.