वेदीपुढे विचारला जाणारा प्रश्न

मुलगा नोकरीला लागलेला, स्थळं सांगून येऊ लागलेली, आणि एके रात्री तो सांगतो की मुलींविषयी त्याला ओढ वाटतच नाही, पुरुषांविषयी वाटते. ख्रिस्ती घरात यावर पहिलं वाक्य निघतं ते ‘हे पाप आहे’. दुसरं ‘लोकांना तोंड कसं दाखवायचं’. आणि चार दिवस गेले की तिसरं, जरा हळू आवाजात: ‘लग्न लावून देऊ, होईल सगळं सुरळीत.’ आईबाबांनो, मला तुमच्याशी बोलायचंय ते या तिसऱ्या वाक्याबद्दल.

पापाचा विषय मी टाळत नाही. लेवीयच्या अठराव्या अध्यायात आणि रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात जे लिहिलंय ते लिहिलंय. कॅथोलिक चर्चची शिकवणही बदललेली नाही. १९९२ चा कॅटेकिझम समलिंगी संबंधांना चूकच म्हणतो आणि अशा माणसांनी ब्रह्मचर्याने राहावं असं सांगतो. पण मनात ओढ असणं यालाच तो पाप म्हणत नाही, आणि २३५८ व्या परिच्छेदात बजावतो की त्यांना आदराने, करुणेने स्वीकारा, अन्यायाने दूर लोटू नका. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना त्या वेळी गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीर सांगितलं होतं की समलिंगी माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेलं नाही. प्रॉटेस्टंट पंथांत तर आज एकमत नाहीच. युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ मध्ये समलिंगी माणसांवरची आपली जुनी बंधनं काढली, कित्येक चर्चेस ती घट्ट धरून आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातली पाप्यांची यादी मात्र सगळ्यांची एकच. तिच्यात लोभी आहेत, दारुडेही आहेत. लग्नाच्या मांडवातून त्यांना कुणी परत पाठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता लग्नाचं. लॅटिन परंपरेच्या कॅथोलिक शिकवणीप्रमाणे हा संस्कार फादर देत नाहीत. नवरा-नवरी तो एकमेकांना देतात आणि त्यांच्या संमतीनेच तो घडतो. ही संमती त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणालाही देता येत नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यात १०५७ व्या कलमात हे स्पष्ट आहे. म्हणून तर वेदीपुढे फादर दोघांना विचारतात, तुम्ही कुणाच्याही दडपणाशिवाय, आपखुशीने आला आहात ना? तुमच्या मुलाने काय उत्तर द्यायचं? आईने जेवण सोडलंय, बाबा दोन महिने बोललेले नाहीत, म्हणून आलोय? ११०३ वं कलम सांगतं की जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी केलेला विवाह अवैध आहे. आईवडिलांचं मन मोडेल, ही भीतीसुद्धा पुरेशी गंभीर असेल तर चर्चची न्यायालयं ती धरतात. १०९८ वं कलम फसवणुकीचं: सहजीवनच ढासळेल अशी गोष्ट लपवून मिळवलेली संमती टिकत नाही. म्हणजे ज्या संस्काराच्या पावित्र्यासाठी तुमची ही धडपड चालली आहे, तो कदाचित घडणारच नाही. फोटो निघतील, केक कापला जाईल, आणि तुमच्या मुलाने देवासमोर उभं राहून खोटं सांगितलेलं असेल, तेही तुमच्या आग्रहाखातर. पापाची एवढी चाड असेल तर हे कुणाच्या खात्यात मांडायचं?

शिवाय ती मुलगी. तिचा विचार या सगळ्या चर्चेत कुणी करत नाही, याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. नवरा जवळ का येत नाही, हे तिला कळत नाही. मग ती स्वतःतच खोट शोधते. आपण सावळ्या म्हणून असेल, अंगाने जाड म्हणून असेल. वर्षभरात सासूच विचारू लागते, पाळणा कधी हलणार?

‘प्रार्थनेने, उपचाराने बदलेल’ म्हणणारेही भेटतील. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल ही याच कामातली मोठी ख्रिस्ती संस्था होती. २०१३ मध्ये तिचे प्रमुख अ‍ॅलन चेंबर्स यांनी झालेल्या इजेबद्दल माफी मागितली आणि संस्था बंद झाली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

तुमची सदसद्विवेकबुद्धी म्हणत असेल की हे पापच आहे, तर ते मत टाकून द्या असं मी म्हणणार नाही. तसं सांगण्याचा मला अधिकार नाही. कार्डिनल न्यूमन यांनी १८७५ मध्ये लिहिलं होतं की जेवणानंतर पेला उंचवायचाच झाला तर ते पोपसाठी उंचवतील, पण आधी सदसद्विवेकबुद्धीसाठी. तशी बुद्धी मुलालाही आहे. त्याने एकट्याने राहायचं की कुणाच्या सोबतीने, याचा जाब देव त्याला विचारेल. त्याला वेदीपर्यंत ढकलत कुणी नेलं, हे मात्र तुम्हालाच विचारलं जाईल.

तेव्हा आधी मध्यस्थाला फोन करून सांगा की सध्या स्थळ पाहत नाही. कारण सांगायची गरज नाही. फादरांशी किंवा पाळकांशी बोलावंसं वाटलं तर मुलाला विचारून जा, त्याच्या माघारी नको. आणि आत्या-मामांच्या कानावर तूर्त काहीही घालू नका, त्यांनी कितीही खोदून विचारलं तरी.