लिंबाचा धूर

वैशाखात माणदेशचा उन्हाळा सूर्य मावळला तरी सरत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत ऊब सोडीत राहतात. म्हणून दहिवडी-म्हसवडकडची, तशीच आटपाडी-जतकडची माणसे अंथरुणे अंगणात नाही तर माळवदावर घालतात. वारा अंगाला लागतो खरा. पण त्याच्याबरोबर डासही येतात. मग घरातील एखादी म्हातारी गोवरीच्या निखाऱ्यावर लिंबाचा वाळलेला पाला टाकते आणि ते खापर वाऱ्याच्या दिशेला ठेवून देते. रानात उतरलेला मेंढपाळही रात्री मेंढरांजवळ अशीच आगटी पेटवितो. थोड्याच वेळात गुणगुण कमी होते.

असे का होते? डास माणसाला प्रथम डोळ्यांनी नव्हे, तर वासाने शोधतो. आपल्या उच्छ्वासातील कर्बद्विप्राणिद वायू, घामाचा वास आणि अंगाची ऊब, या तीन खुणांवरून तो नेमका आपल्यापाशी येतो. ‘तो’ म्हणणेही तसे चुकीचे आहे, कारण चावते ती केवळ मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्ताची गरज असते. धुरामुळे या खुणा झाकल्या जातात आणि तिची वाट चुकते.

ज्याला पुस्तकात कडुलिंब किंवा निंब म्हणतात, त्यास आमच्याकडे नुसते लिंब म्हणतात. या झाडाचा गुण परदेशीयांच्या ध्यानात आला तो एका टोळधाडीमुळे. १९५९ साली सुदानमध्ये टोळांनी सारी हिरवळ फस्त केली. परंतु लिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिली. हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने ते पाहिले आणि पुढे या झाडाच्या अभ्यासास वाहून घेतले. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली निंबोळीचा गर पाण्यात कालवून पिकांवर फवारला, तेव्हा टोळांनी त्या पिकांना तोंड लावले नाही. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीची भूक मारते आणि तिला कात टाकू देत नाही. साधी निंबोळी! आपल्या पायांखाली ती पावसाळ्याच्या तोंडी सडा घालून पडलेली असते.

अंगाला लावण्यासाठी याच निंबोळीचे तेल खोबरेलात मिसळतात. एकोणपन्नास चमचे खोबरेल आणि एक चमचा निंबोळी तेल, एवढे प्रमाण पुरते. १९९३ साली भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, अशा मिश्रणाने ॲनाफिलिस जातीच्या डासांपासून बारा तास संरक्षण मिळाले; इतर चाचण्यांत मात्र एवढे यश आलेले नाही. तेल प्रथम मनगटावर लावून पाहावे. खाज सुटल्यास धुऊन टाकावे. ते पोटात मुळीच घेऊ नये. तान्ह्या मुलांच्या बाबतीत त्याने जिवावर बेतू शकते.

ओढ्याकाठची निरगुडी, तुळस आणि करंजाचे तेल यांचाही उपयोग लोक करतात. वेखंडाचा तुकडा कपड्यांत ठेवण्याची रीत तुमच्या घरीही असेल. गवती चहाची पाने चुरडून अंगाला चोळली तर सुवास छान येतो. परंतु ते तेल हवेत लवकर उडून जाते, आणि मग डास पुन्हा हजर होतात.

ॲनाफिलिसचे नाव वर आले ते सहज नव्हे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे जंतू याच डासाच्या पोटात पाहिले. देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाची मोहीम निघाली व घरोघर डी.डी.टी. फवारण्यात आली. साठीच्या दशकाच्या मध्यास रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली होती. परंतु डासांना त्या औषधाची सवय झाली, मोहीमही ढिली पडली आणि १९७६ साली हा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. जे औषध डासाला मारते त्याचीही ही गत; मग जो धूर त्याला केवळ दूर सारतो, त्यावर किती विसंबावे? शिवाय धूर आपल्याही छातीत जातो. घराची दारे लावून तो करू नये. दमेकऱ्याजवळ व पाळण्याजवळ तर नकोच. झोपताना मच्छरदाणी बरी.

दुसरी अडचण अशी की, डेंग्यू पसरविणारा एडीस डास दिवसा चावतो. संध्याकाळच्या धुराचा त्याच्यापुढे फारसा इलाज चालत नाही. कृष्णाकाठी कऱ्हाड-सांगलीकडे पाणी मुबलक, तर माणदेशात पाण्याचा दुष्काळ. म्हणून डास तिकडेच असावेत, असे वाटेल. परंतु जेथे पाणी कमी, तेथेच ते रांजणांत व हौदांत साठवून ठेवावे लागते, आणि एडीसला तेवढे पाणी पुरते. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. यास्तव आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा प्रघात आरोग्य खात्याने घातला आहे. मात्र रांजण नुसता उपडा करून भागत नाही. एडीसची मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या अंगास अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरताच फुटतात. म्हणून रांजण आतून काथ्याने घासून काढावा लागतो.