समाजकल्याण विभागाचे अंदाजपत्रक : तरतूद, दायित्व आणि मार्च महिना



वस्तीतील समाजमंदिराचे काम अर्धवट राहते, मुलींच्या सायकली येत नाहीत, शिलाई यंत्रांचे अर्ज पडून राहतात, आणि विचारणा केली की एकच उत्तर मिळते : "निधी नाही." चार दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी येते की समाजकल्याणचा निधी अखर्चित राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, असा प्रश्न मंडळाच्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारला. आमच्यापैकी काही जणांची उभी हयात लेखा शाखेत गेली, तरी तिला दोन वाक्यांत उत्तर देणे आम्हाला जमले नाही. तो प्रश्न डोळ्यापुढे ठेवून प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे परिषदेच्या ज्या विषय समित्या असतात, त्यांत समाजकल्याण समिती येते. विभागाचे प्रमुख जिल्हा समाजकल्याण अधिकारी, आणि साऱ्या परिषदेच्या पैशावर नजर ठेवणारे मुख्य लेखा व वित्त अधिकारी. येथेच एक सूचना करून ठेवतो. जिल्ह्यात समाजकल्याणाची कार्यालये दोन असतात. शासकीय वसतिगृहे व महाविद्यालयीन शिष्यवृत्ती यांचा कारभार सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे असतो. वस्ती विकासाची कामे, अनुदानित वसतिगृहे व परिषदेच्या स्वतःच्या योजना जिल्हा परिषदेकडे. आपले कितीतरी अर्ज या दाराहून त्या दारी फिरण्यातच जुने होतात.

जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट शासनाची. अनुसूचित जाती उपयोजनेचा, म्हणजे पूर्वी जिला विशेष घटक योजना म्हणत तिचा, निधी जिल्हा नियोजनातून मंजूर होऊन येतो. शासनाच्या अंदाजपत्रकात या खर्चाचे प्रधान शीर्ष २२२५ आहे; हा आकडा विद्यार्थ्यांनी पाठ करून ठेवावा, कारण कोणताही जाडजूड ग्रंथ हाती आला तरी आपले पान कोठे आहे हे त्यावरून लगेच सापडते. दुसरी वाट परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाची. बोलीभाषेत आपण तिला सेस फंड म्हणतो. जमीन महसुलावरील उपकर, पाणीपट्टीवरील उपकर, मुद्रांक शुल्काचा हिस्सा, ठेवींवरील व्याज, गाळ्यांचे भाडे अशा बाबींतून हे उत्पन्न होते. या स्वउत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे परिषदेवर बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीसाठी हेच प्रमाण १५ टक्के आहे.

आता २० टक्के कशाचे, हे पाहू. समजा, मार्च महिन्यात अंदाजपत्रक मांडताना स्वउत्पन्न १० कोटी रुपये दाखविले. आपल्या विभागासाठी २ कोटींची तरतूद झाली, सभागृहात बाके वाजली, वर्तमानपत्रात आकडा छापून आला. परंतु उपकराची रक्कम वसुलीनंतर महसूल यंत्रणेकडून येते आणि मुद्रांक शुल्काचा हिस्सा शासनाकडून येतो, दोन्ही उशिराने. डिसेंबरअखेर प्रत्यक्ष जमा सहा कोटीच दिसली तर सुधारित अंदाजपत्रकात उत्पन्न ८ कोटींवर आणले जाते. त्याबरोबर आपली तरतूदही गुपचूप १ कोटी ६० लाखांवर येते. ४० लाख कोणी खाल्ले नाहीत, कोणी पळविले नाहीत. ते आलेलेच नव्हते. म्हणून अंदाजपत्रक वाचताना एकच रकाना पाहून चालत नाही. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज, हे चारही आकडे एका ओळीत ठेवून वाचावेत. मूळ अंदाज दरवर्षी फुगलेला आणि प्रत्यक्ष खर्च दरवर्षी खाली, असे सलग तीन वर्षे दिसले तर दोष केवळ उशिरा येणाऱ्या पैशाचा नाही, अंदाज बांधणाऱ्यांचाही आहे.

शासनाकडून आलेल्या निधीचे गणित निराळे असते, आणि "निधी नाही" या वाक्याचे खरे मूळ बहुधा येथे सापडते. ज्या वर्षी निधी मिळाला ते वर्ष व त्यापुढील वर्ष, एवढ्या अवधीत जिल्हा परिषदेला तो खर्च करता येतो. म्हणजे २०२३-२४ च्या रकमेस ३१ मार्च २०२५ पर्यंत वाव होता. त्यानंतर उरले ते शासनाकडे परत करावयाचे. दोन वर्षे हा अवधी ऐकायला मोठा वाटतो. पण कामे मंजूर झाली, पूर्ण झाली नाहीत, आणि त्यांची देयके पुढील वर्षावर पडली, तर त्या रकमेस दायित्व म्हणतात. नवीन वर्षाची तरतूद १० कोटी आणि जुने दायित्व ४ कोटी असेल, तर हाती खरे सहाच कोटी. सर्व कामे एका वर्षात पूर्ण होत नाहीत हे गृहीत धरून उरलेल्या रकमेच्या दीडपट कामांचे नियोजन करण्याची पद्धत आहे. म्हणजे सहाच्या दीडपट, नऊ कोटींची नवी कामे. जुनी चार व नवी नऊ मिळून तेरा कोटींची कामे, आणि पैसा दहा कोटी. पद्धत म्हणून यात गैर काही नाही. परंतु कामे वेळेवर पूर्ण झाली नाहीत तर दायित्व दरवर्षी वाढत जाते, आणि एक वर्ष असे उजाडते की नव्या वस्तीला द्यायला काहीच उरत नाही. त्या वर्षी टेबलावरचा लिपिक "निधी नाही" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. खात्यावर मात्र रक्कम असते, कारण मंजूर कामे अर्धवट असल्याने त्यांची देयके निघालेली नसतात. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

उरलेले अर्धे उत्तर कालगणनेत आहे. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होते. त्यानंतर योजना ठरवायच्या, समितीची मंजुरी घ्यायची, पंचायत समित्यांमार्फत अर्ज मागवायचे, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला तपासायचा, लाभार्थ्यांची यादी अंतिम करायची. बांधकाम असेल तर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यात पावसाळा येतो. यात आचारसंहिताही येते. २०२४ सालचेच पहा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली व जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली व २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत राहिली. बारा महिन्यांच्या वर्षातून असे चार महिने निघून गेल्यावर जानेवारीत धावपळ सुरू होते आणि मार्चअखेर रात्री बारापर्यंत कोषागारात देयकांचे गठ्ठे जातात. आमच्यापैकी एकाने अशा मार्चअखेरी पंचवीसहून अधिक काढल्या. ते सांगतात की त्या रात्री देयक कोणत्या वस्तीचे आहे हे कोणीच पाहत नाही, फक्त त्रुटी न लागता पारित झाले पाहिजे एवढेच पाहतात.

मार्च महिन्याचा हा आजार नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील प्रबंध १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. आपण बाबासाहेबांचे सामाजिक लेखन वाचतो, परंतु हा ग्रंथ आपल्या फार थोड्या घरांत उघडला जातो, ही खेदाची बाब आहे. १८७१ पूर्वी सर्व तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती होती. प्रांतांनी मागायचे व केंद्राने द्यायचे. शिल्लक राहिलेला पैसा प्रांताच्या हाती राहत नसे, म्हणून काटकसर करण्यात प्रांताचा काही लाभ नव्हता. जास्तीत जास्त मागणे आणि मिळालेले संपविणे यातच शहाणपण होते. लॉर्ड मेयो यांच्या काळात ठरावीक रक्कम प्रांतांकडे सोपविण्यात आली व शिल्लक त्यांच्याकडेच राहू लागली. पैसा खर्च करणाऱ्याच्या अंगावर त्याची जबाबदारी कशी पडते, हा त्या ग्रंथातील विचार जिल्हा परिषदेच्या विभागालाही तंतोतंत लागू पडतो. सेस फंडातील २० टक्क्यांपैकी जे खर्च झाले नाही ते अनुशेष म्हणून पुढील वर्षी दाखवावयाचे असते. शासनाचा पैसा मुदतीनंतर परत जातो, हा पैसा जात नाही. आपण अनुशेषाचा आकडा विचारतच नाही, हे आमचे दुःख आहे.

लेखापरीक्षणाबद्दल थोडक्यात. स्थानिक निधी लेखापरीक्षा होते, विधिमंडळाची पंचायती राज समिती येते, आक्षेपांचे परिच्छेद निघतात. हे सर्व आवश्यक आहे; पण ते वर्षे उलटल्यावर होते, आणि तोवर सायकलीचा अर्ज करणारी मुलगी शाळा सोडून गेलेली असते.

वैयक्तिक लाभाच्या योजनांत एक अडचण अशी आहे की जी कागदावर दिसत नाही. पूर्वी परिषद वस्तू खरेदी करून वाटत असे. त्यात निकृष्ट वस्तू, वाढीव दर, ठेकेदारांचे लागेबांधे अशा तक्रारी होत. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने वस्तूऐवजी रक्कम थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात देण्याचे धोरण आले. धोरण चांगले आहे, आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण रीत अशी की लाभार्थ्याने आधी स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यायची, पावती जोडायची, पडताळणी व्हायची, मग रक्कम जमा व्हायची. जिच्याकडे शिलाई यंत्र घ्यायला पैसे नाहीत म्हणून तिची निवड झाली, तिनेच ते आधी विकत घ्यावे! एका जिल्हा परिषदेत आम्ही यादी पाहिली. निवड झालेल्यांपैकी बऱ्याच जणींच्या नावापुढे "पावती सादर केली नाही" असा शेरा होता. विभागाच्या दृष्टीने ती रक्कम अखर्चित; त्या बायांच्या दृष्टीने योजना फसवी.

ही यादी पाहिल्यावर आमच्या मंडळाने दोन गोष्टी केल्या. पहिली, विद्यार्थ्यांच्या तुकडीला ऑगस्ट महिन्यातच माहितीच्या अधिकारात अर्ज करायला लावले. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न चारच ठेवले : सेस फंडाच्या २० टक्क्यांचा मूळ अंदाज किती, आजअखेर प्रत्यक्ष जमा स्वउत्पन्न किती, मागील अनुशेष किती, आणि वस्ती विकासाचे दायित्व किती. ऑगस्ट यासाठी की तेव्हा उत्तर मिळाले तर सुधारित अंदाजपत्रकापूर्वी बोलायला वेळ उरतो. फेब्रुवारीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मार्चमध्ये येते आणि ते फक्त फाईलला लावायच्या उपयोगाचे असते. ज्यांना जिल्ह्याचे आकडे अवघड वाटतील त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीपासून आरंभ करावा. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक नमुना १ मध्ये व रोखवही नमुना ५ मध्ये असते. नमुना १ मधील १५ टक्क्यांची तरतूद आणि नमुना ५ मधील प्रत्यक्ष खर्च समोरासमोर मांडला की अकरावीच्या विद्यार्थ्यालाही एका दुपारी हिशेब लागतो.

दुसरी गोष्ट, मंडळाच्या निधीतून ६० हजार रुपये बाजूला काढून फिरता निधी केला. निवडपत्र घेऊन आलेल्या भगिनीला यंत्राची रक्कम उसनी द्यायची, खरेदी दुकानातून आमच्या एका सभासदासमोर करायची, पावती त्याच आठवड्यात पंचायत समितीत द्यायची, आणि अनुदान खात्यावर जमा झाले की मंडळाची रक्कम परत घ्यायची. व्याज नाही. पहिल्या वर्षी नऊ जणींना रक्कम दिली. सात जणींची रक्कम जूनपर्यंत परत आली. एकीचे बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने अनुदान अडकले होते, ते आता सुटले आहे. राहिलेल्या एकीच्या पावतीवर दुकानदाराने नाव चुकीचे लिहिले; दुरुस्तीचा अर्ज दिला असून त्याची पोच मंडळाच्या फाईलमध्ये लावलेली आहे.