साठाव्या लेव्हलची घाई

२७ ऑगस्ट २०१९ रोजी, भारतात पहाटेचे साडेतीन वाजले असताना, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’चे सर्व्हर खुले झाले. २००४ साली आलेला हा खेळ पंधरा वर्षांनी मूळ रूपात पुन्हा खेळायला मिळणार होता. नुसतं आत शिरायला कित्येकांना तासन्‌तास थांबावं लागलं, आणि आत गेल्यावर वेगळीच पंचाईत. क्वेस्टसाठी, म्हणजे खेळातल्या कामगिरीसाठी, मारायचा राक्षस एक आणि त्याच्यावर टपलेले खेळाडू शेकडो. कुणी नियम केला नव्हता, तरी खेळाडू आपणहून एकामागे एक रांगेत उभे राहिले. पुढच्याने राक्षस मारायचा आणि बाजूला व्हायचं. राक्षस पुन्हा उगवेपर्यंत मागच्याने थांबायचं. थांबता थांबता गप्पा व्हायच्या, ओळखी निघायच्या.

काहींना मात्र थांबायला वेळ नव्हता. जोकर्ड नावाने खेळणारा एक स्ट्रीमर तीन दिवसांहून थोड्याच जास्त वेळात साठाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोचला. आठवडा उलटायच्या आत ‘एप्स’ या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या एका टोळीने, मोल्टन कोअरमधला अग्निदेव रॅग्नारोस पाडला. पाडणाऱ्यांपैकी काही जण तर अजून साठाव्या लेव्हललाही पोचले नव्हते. हाच रॅग्नारोस मूळ खेळात पहिल्यांदा पडला तो २५ एप्रिल २००५ रोजी, खेळ निघाल्यानंतर पाच महिन्यांनी. मधल्या चौदा वर्षांत त्याची प्रत्येक चाल लोकांना पाठ झाली होती.

ज्यांनी असले खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इथे आपलं पात्र पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. राक्षस मारून, क्वेस्ट पुऱ्या करून अनुभवाचे गुण मिळतात आणि लेव्हल वाढत जाते. शेवटची लेव्हल गाठल्यावर उरतात त्या रेड, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या मोहिमा, दुर्मीळ शस्त्रं, खेळाडूंमधल्या लढाया. याला सगळे एंडगेम म्हणतात. ‘खरा खेळ तिथेच सुरू होतो’ हे वाक्य नव्या खेळाडूच्या कानावर पहिल्याच दिवशी पडतं. प्रस्तुत लेखकाच्या मते या वाक्याने जितके खेळाडू खेळातून घालवले, तितके कुठल्याच रॅग्नारोसने घालवले नसतील.

आता पुढची तारीख पाहा. क्लासिकमधली पुढची मोठी रेड, ब्लॅकविंग लेअर, उघडली १२ फेब्रुवारी २०२० रोजी. तोपर्यंत चाळीस जणांनी मिळून करायच्या रेड दोनच होत्या, मोल्टन कोअर आणि ओनिक्सिया. मोल्टन कोअर आठवड्यातून एकदाच करता येते, आणि सराव झालेली गिल्ड ती एका संध्याकाळी उरकते. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला जो धावत साठला पोचला, त्याच्यापुढे पाच महिने होते आणि त्या पाच महिन्यांत करायला आठवड्याची एक-दोन संध्याकाळची कामं.

प्रस्तुत लेखक ज्या गिल्डमध्ये खेळत होता ती युरोपातल्या एका सर्व्हरवर होती. त्यात पुण्या-नाशिकचे काही जण आणि नोकरीनिमित्त जर्मनी, नेदरलँड्सला गेलेली काही मराठी मंडळी होती. पहिल्या महिन्यात गिल्डचे सरळ दोन भाग पडले. तरुण मुलांनी सुट्ट्या काढून, जेवणं कीबोर्डशेजारीच आटपून, बाण दाखवणाऱ्या अ‍ॅडऑनच्या मागे धावत साठ गाठली. उरलेल्यांमध्ये सोलापूरकडचे एक शिक्षक होते. सगळे त्यांना ‘सर’च म्हणत. सर रात्री जेवणानंतर तासभर येत. ‘सर, अजून छत्तिसाव्यावरच?’ असं कुणी विचारलं की म्हणत, ‘अरे, इथे मासे चांगले लागतायत, थांब जरा.’ आणि खरोखरच गळ टाकून बसलेले असत.

दिवाळीपर्यंत धावणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त रेडच्या रात्री दिसू लागले. मग तेही कमी झालं. भांडणं झाली ती सगळी शस्त्रांच्या वाटपावरून, आणि ती मिटवायला मध्ये पडावं इतकी कुणाची कुणाशी ओळखच नव्हती. फेब्रुवारीत ब्लॅकविंग लेअर उघडली तेव्हा चाळीस जण जमवायचे तर अर्धी फळी नव्याने उभी करावी लागली. तिचा कणा होता तो रमतगमत आलेल्यांचा. सरांना सर्व्हरवरच्या दहा गिल्डांमधली माणसं नावानिशी माहीत होती, कारण वाटेत ते त्यांच्याबरोबर कुठे ना कुठे मेले होते. त्यांनी हाक मारली आणि जखमींना बरं करणारे हीलर मिळाले.

हा निव्वळ स्वभावाचा प्रश्न आहे असं वाटेल. तसं नाही. लेव्हलची वाट खेळाडूला एकेक गोष्ट शिकवेल अशीच आखलेली आहे. मेजला, म्हणजे जादूगाराला, आठव्या लेव्हलला शत्रूची मेंढी करण्याचा मंत्र मिळतो. हंटरला दहाव्या लेव्हलला जनावर पाळता येतं. वॉरियरला दहाव्यालाच बचावाचा पवित्रा आणि त्याबरोबर शत्रूला आपल्या अंगावर ओढून घेण्याची युक्ती मिळते, पण त्यासाठी वेगळी क्वेस्ट करावी लागते. एक हत्यार हातात येतं, ते दोन-चार लेव्हल वापरून अंगवळणी पडतं, मग दुसरं येतं. साठाव्या लेव्हलला ही सगळी बटणं एकदम समोर आली तर कुठलं कधी दाबायचं हे कळणार कसं?

म्हणूनच क्लासिकमध्ये फोफावलेला बूस्टिंगचा धंदा नव्या खेळाडूंना सर्वांत महागात पडला. त्याची रीत अशी: एखादा मुरलेला मेज झुल’फर्राक किंवा माराउडनमधले राक्षस घोळक्याने गोळा करतो, बर्फाच्या वादळात एकदम मारतो, आणि सोनं मोजलेले बाकीचे लांब कोपऱ्यात नुसते उभे राहून गुण मिळवतात. लेव्हल वाढते. पण या खेळात शस्त्र चालवण्याचं कौशल्य वेगळं मोजलं जातं आणि ते शस्त्र चालवल्यानेच वाढतं. साठाव्या लेव्हलला त्याची मर्यादा ३०० आहे. उभ्या उभ्या लेव्हल वाढवलेल्या योद्ध्याचं कौशल्य तळालाच राहतं आणि त्याची तलवार वारंवार हुकते. ग्रिफिनवर बसून उडायचे थांबे तिथवर स्वतः चालत गेल्याशिवाय खुले होत नाहीत, म्हणजे निम्मं जग त्याला बंद. मलमपट्टी शिकलेली नाही, खेळातला कुठला धंदा शिकलेला नाही, गाठीचं सोनं बूस्टमध्ये गेलेलं. अशा खेळाडूला रेडमध्ये घेतल्यावर बाकीच्यांनी किती धीर धरायचा?

खेळ बनवणाऱ्या कंपनीनेही हाच रस्ता विकायला काढला. २०१४ मध्ये मूळ खेळात (तोवर त्याच्या लेव्हल वाढल्या होत्या) नव्वदाव्या लेव्हलवर थेट नेऊन ठेवण्याची किंमत ६० डॉलर होती. २०२१ मध्ये ‘बर्निंग क्रूसेड क्लासिक’ आला तेव्हा अठ्ठावन्नावी लेव्हल ४० डॉलरला मिळू लागली. जुन्या खेळाडूचं दुसरं-तिसरं पात्र असेल तर यात फार बिघडत नाही. नवा माणूस मात्र खेळ विकत घेतो आणि तो खेळावा लागू नये म्हणून वर आणखी पैसे भरतो. शिवाय खालच्या लेव्हलचे प्रदेश ओस पडतात. मग जो खरोखर चालत येतो, त्याला डेडमाइन्ससारख्या सुरुवातीच्या डंजनसाठी पाच जण जमवता जमवता रात्र सरते.

डेडमाइन्सचंच घ्या. वेस्टफॉलच्या वैराण शेतांमध्ये तोंडाला लाल फडकं बांधलेले डेफियस दरोडेखोर हिंडत असतात. क्वेस्टचा मजकूर वाचत गेलं की हळूहळू कळतं, हे लोक मुळात गवंडी होते. उद्ध्वस्त झालेलं स्टॉर्मविंड शहर त्यांनी पुन्हा उभारलं आणि सरदारांनी त्यांची मजुरीच बुडवली. त्यांचा म्होरक्या व्हॅनक्लीफ खाणीच्या शेवटी जहाजावर सापडतो, तेव्हा त्याच्यावर तलवार उगारताना वाचणाऱ्याचा हात क्षणभर अडखळतो. बूस्ट घेणाऱ्याला तिथे फक्त एक शेवटचा राक्षस आणि त्याच्याकडून मिळणाऱ्या वस्तूंची यादी दिसते.

सगळ्यांना गोष्टी वाचायला आवडतात असं नाही, हे खरंच. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झालेल्या ‘मड’ या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, रिचर्ड बार्टल, यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमाई करणारे, भटके, माणसं जोडणारे आणि दुसऱ्यांवर चाल करून जाणारे. लेव्हलची शिडी उघडउघड पहिल्यांसाठी. पण उरलेल्या तिघांनाही त्याच शिडीवरून जावं लागतं, आणि गडबड होते ती भटक्या किंवा माणसं जोडणाऱ्या स्वभावाचा माणूस पहिल्यांच्या वेगाने पळू लागतो तेव्हा. आपण कोणत्या प्रकारात बसतो हे खेळाडूने लवकर ओळखावं.

उलट्या दिशेचीही उदाहरणं आहेत. ‘रूनस्केप’च्या ‘ओल्ड स्कूल’ आवृत्तीत प्रत्येक कौशल्याची लेव्हल ९९ पर्यंत जाते. त्यासाठी लागतात १,३०,३४,४३१ गुण, आणि ९२ व्या लेव्हलला खेळाडू जवळजवळ निम्म्यावर असतो. शेवटच्या सात लेव्हल म्हणजे उरलेला अर्धा प्रवास. हे माहीत असूनही लोक झाडं तोडत, मासे पकडत वर्षानुवर्षं तिथे रमतात. २०१४ मध्ये याच आवृत्तीत ‘आयर्नमॅन’ प्रकार आला: कुणाशी देवघेव नाही, लागेल ते स्वतः मिळवायचं किंवा बनवायचं. वाट मुद्दाम लांब केलेली, आणि तरी खेळाडूंनी ती आनंदाने उचलली.

वॉरक्राफ्टमध्ये डबलएजंट नावाचं पांडा जमातीचं एक पात्र गाजलं. पांडांना सुरुवातीच्या बेटावरून निघताना दोनपैकी एक पक्ष निवडावा लागतो. या खेळाडूने निवड नाकारली, बेट सोडलंच नाही, आणि निव्वळ झाडपाला तोडून व धातू खणून नव्वदावी लेव्हल गाठली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अधिकृत ‘हार्डकोअर’ सर्व्हर निघाले. तिथे एकदा मेलं की पात्र कायमचं गेलं. साठाव्या लेव्हलपर्यंत जिवंत पोचणं हेच तिथलं मोठं बक्षीस, आणि बाराव्या लेव्हलच्या गुहेत शिरतानाही काळजाचा ठोका चुकतो.

दोष नेहमी खेळाडूच्या उतावळेपणाचा नसतो. ‘फायनल फँटसी १४’मध्ये मुख्य कथा पुरी केल्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. तिचा पहिला भाग इतका रेंगाळायचा की २०२० मध्ये त्या खेळाच्या कंपनीने स्वतःच त्यातल्या क्वेस्ट कमी केल्या, आणि ते योग्यच झालं. ‘डायब्लो ३’मध्ये लिलावघर होतं, राक्षस मारून शस्त्र मिळवण्याऐवजी लोक ते विकत घेऊ लागले आणि राक्षस मारण्याचं कारणच उरलं नाही. मार्च २०१४ मध्ये ते बंद करावं लागलं. ‘गिल्ड वॉर्स २’ची मांडणी या दृष्टीने शहाणपणाची आहे: २०१२ पासून कमाल लेव्हल ८०, ती वाढवलेलीच नाही, आणि खालच्या प्रदेशात गेलं की आपली ताकद तिथल्याइतकी उतरते, त्यामुळे मुरलेला खेळाडूही नव्याबरोबर खेळू शकतो.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिलं पात्र तरी स्वतः चालवावं, बूस्ट फुकट मिळाला तरी. बाण दाखवणारं अ‍ॅडऑन पहिल्या वेळी बंद ठेवावं. अडलं तर चॅटमध्ये विचारावं, तिथूनच ओळखी सुरू होतात. आपल्या लेव्हलच्या आसपासचे दोघे-तिघे गाठून आठवड्याची एक रात्र ठरवून घ्यावी आणि त्या पात्राने त्या रात्रीशिवाय खेळू नये, नाहीतर एक जण पुढे निघून जातो आणि टोळी मोडते. एखादा धंदा पहिल्यापासून शिकावा. नवा सर्व्हर उघडला की पहिल्या काही आठवड्यांतच यावं, कारण खालच्या प्रदेशांत तेव्हाच माणसं असतात.

नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्यांसाठी तर खेळातच सोय आहे. पात्राला सराईत झोपवून बाहेर पडलं की दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के इतकी विश्रांती साठते आणि तेवढ्यापुरते राक्षस मारल्याचे गुण दुप्पट मिळतात. साठा दीड लेव्हलपर्यंत जातो, म्हणजे दहा दिवस खेळाकडे फिरकलं नाही तरी काही बुडत नाही. खेळ घडवला जात असताना हीच योजना उलटी होती: फार वेळ खेळणाऱ्याचे गुण निम्मे व्हायचे, आणि लोक चिडले. मग तेच गणित विश्रांतीचं बक्षीस म्हणून मांडलं आणि सगळे खूश झाले. सर रोज तासभर येत आणि जवळजवळ सगळा वेळ या दुप्पट गुणांवरच खेळत.

ज्यांनी आधीच बूस्ट घेतलाय त्यांनी ते पात्र टाकून देण्याची गरज नाही. एखाद्या सुट्टीत त्याला पायी फिरवावं आणि ग्रिफिनचा एकेक थांबा उघडत जावं. मधल्या लेव्हलच्या राक्षसांवर प्रत्येक शस्त्राचं कौशल्य वाढवावं. रेडला जाण्याआधी पाच जणांच्या डंजनमध्ये आपली भूमिका शिकून घ्यावी, आणि आपण बूस्ट घेतलाय हे तिथे सुरुवातीलाच सांगावं. बहुतेक ठिकाणी कुणीतरी शिकवायला पुढे येतं.